बदकवाले काका

काकांनी माझ्या कीबोर्डला कधी हात लावला नाही. पोलादपुरात एसटी स्टँडच्या मागच्या आळीत त्यांच्या गाळ्यात माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. ते घरमालक, मी भाडेकरू. दुकानाच्या मागंच त्यांचं घर होतं, त्यामुळे काही अडलं की मी हाक मारायचे आणि ते लगेच यायचे. पण येऊन माझ्या पाठीमागं उभे राहायचे, दोन्ही हात पाठीशी आणि गालात लवंग. "काका, तुम्हीच करा ना पटकन, गिऱ्हाईक खोळंबलंय," असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं. "माझा हात लागला की तुझं डोकं बंद पडतं. वाच. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

मोठ्यानं वाचणं हाच तर माझा घोळ होता. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, बारावीपर्यंत. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की मी न वाचता 'ओके' दाबून मोकळी व्हायचे, आणि अख्खी आळी तेच करायची. काकांना ते खपत नसे. "कोणी दारात येऊन काही सांगतंय आणि तू न ऐकताच दार लावून घेतेस," म्हणायचे. मग मी गिऱ्हाइकांसमोर अडखळत वाचायचे, 'पर-मि-शन डि-नाइड', आणि सातबारा काढायला आलेला एखादा म्हातारा सगळं कळल्यासारखी मान हलवायचा. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्षभरानं लक्षात आलं की मी अडखळत नाहीये.

गावात त्यांना बदकवाले काका म्हणत. त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या फुकट प्रणालीच्या, पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं होतं. पोलादपुरात पेंग्विन कोणी पाहिलाय? पहिलं वर्षभर काका प्रत्येकाला थांबवून सांगायचे, हे बदक नाही. पुढं त्यांनी नाद सोडला. भाजीवाल्या मावशी नव्या माणसाला त्यांचं घर दाखवायच्या ते असंच: "त्या गाडीवं बदक हाय ना, त्यांच्याच दारात जा. पण कॉम्प्युटर बिघडलाय म्हनू नको, चिडतात."

चिडायचे खरं. आयुष्य महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गेलं, दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं दुरुस्त करण्यात. 'बिघडलंय' हा शब्द त्यांच्या लेखी आळशी माणसाचा शब्द होता. काय होतंय, कधीपासून होतंय, त्याआधी तू काय केलंस, एवढं सांगितल्याशिवाय ते जागचे हलत नसत. यंत्र उघडण्याआधी त्याचं रीडिंग लिहून ठेवायचं, हा त्यांचा कारखान्यातला नियम, आणि तो ते मिक्सरलासुद्धा लावत. एकदा माझा दुकानातला पंखा खडखडायला लागला, तर आधी दहा मिनिटं खाली उभं राहून ऐकत होते. मी म्हटलं, काका, पंखा आहे तो, गवई नाही. हसले नाहीत.

विंडोजवर त्यांचा एवढा राग का, असं मी एकदा विचारलं होतं. "राग कसला? मी काम करत बसलोय आणि मशीन मला सांगतं, थांबा, आधी मी माझं उरकून घेतो. माझ्या घरात मला न विचारता कोणी दिवा घालवलेला चालेल का मला?" एवढंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भंगारात निघालेला कॉम्प्युटर घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि तो पळायला लागला. तेव्हापासून पोलादपुरात जुनं मशीन दिसलं की काकांच्या डोळ्यांत वेगळीच चमक यायची. कोणी सहज चहाला बोलावलं तरी पेन ड्राइव्ह खिशात घालूनच जायचे. दाताच्या डॉक्टरांकडे टाकलं, गिरणीवाल्याकडे टाकलं, पूजा सांगणाऱ्या गुरुजींकडे टाकलं. गुरुजी फार खूश होते, त्यांना फक्त पंचांग बघायचं असे.

सगळेच टिकले नाहीत. जे पुन्हा विंडोजवर गेले त्यांना काका 'परतीचे' म्हणत. आमच्या आळीतल्या एका क्लार्कनं मुलाच्या हट्टापायी महाडहून माणूस आणून गुपचूप विंडोज टाकून घेतलं. त्या संध्याकाळी काका नेमके त्यांच्या दारात. क्लार्कनं घाईघाईनं मॉनिटरवर टॉवेल टाकला. काका अर्धा तास बसले, चहा प्यायले, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना म्हणाले, "टॉवेल वाळला की सांगा, पुन्हा टाकून देईन." क्लार्क पुढं महिनाभर दुसऱ्या आळीनं ऑफिसला जात होता.

मी स्वतः दोन वर्षं दाद दिली नाही. दुकान माझ्या पोटाचं होतं, तिथं प्रयोग कशाला? पण माझं मशीन एवढं जुनं झालं की सकाळी बटण दाबून मी देवपूजा करून यायचे तरी ते जागं होत नसे. विंडोजची नवी आवृत्ती त्यावर चढेना. शेवटी एका आषाढात मी काकांना म्हटलं, टाका तुमचं बदक. त्यांनी आनंद दाखवला नाही, फक्त लवंगेची डबी माझ्यापुढं धरली. हा मान गावात फार कमी लोकांना मिळाला असेल.

पहिल्याच दिवशी हुकूम टाईप करायच्या त्या काळ्या खिडकीत पासवर्ड मागितला. मी टाईप करते तर काहीच उमटेना, ठिपका नाही, चांदणी नाही. मी म्हटलं, काका, कीबोर्ड गेला. "दिसत नाही म्हणजे पोचत नाही, असं तुला कोणी सांगितलं? पुरा कर आणि एंटर दाब." दाबलं, आणि उघडलं. प्रिंटर सीडी न मागता चालला, तेव्हा मला चमत्कारच वाटला. स्कॅनरनं मात्र नऊ दिवस रडवलं. आणि अंगठा घ्यायचं यंत्र त्याला शेवटपर्यंत ओळखता येईना, म्हणून नवऱ्याचा लॅपटॉप विंडोजवरच ठेवून एका कोपऱ्यात बसवला. काका त्याला 'पाहुणे' म्हणायचे. "पाहुण्यांना उठवा, अंगठा आलाय."

आता काका पुण्याला मुलीकडे असतात. गुडघ्यांमुळे घरातला जिना चढवेनासा झाला तेव्हा मुलगी येऊन घेऊन गेली. दर रविवारी फोन येतो, आणि पहिलं वाक्य 'कशी आहेस' हे नसतं, 'अपडेट केलंस का' हे असतं. परवा शिवथर खोऱ्यातल्या एका शाळेत पाच जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते, ते उभे करायला मी गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच करून द्या ना." माझे हात आपोआप पाठीमागं गेले. मी जन्मभर ज्या भाषेला घाबरत आले त्या भाषेतल्या सूचना आज दुसऱ्यांना वाचायला लावते, हे काकांचं देणं आहे, आणि ते मी कुठंही सांगेन. पण त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्यातलं हे लहानच म्हणायचं.

मोठं काय ते सांगायचं तर आधी माझ्या आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. घाटाखालच्या आमच्या वाडीत भात-नाचणी करायचे, पण पंचक्रोशीत ओळख शाहीर म्हणून. गौरी-गणपतीत मुंबईची मंडळी गावी आली की जाखडीचा नाच करतात, त्याची गाणी आबांची. आधी गण, मग गवळण, मग बाकीची. शेदीडशे गाणी होती, सगळी वह्यांत. दुकान काढल्यावर मी ती एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवली. शेवटचं गाणं टाईप झालं त्या आठवड्यात आबा वह्या घेऊन गेले आणि सावित्री नदीत सोडून आले. मी कपाळावर हात मारला. ते शांतपणे म्हणाले, "पयल्या पानाव गणपती हाय गो. रद्दीत कशी घालू? आता तुज्या मशीनमदी हायत ना?"

होती. माझ्या मशीनमध्येच होती, आणि दुसरीकडे कुठंही नव्हती. पुढं एका शिमग्यात आबांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. 'हां' आणि 'नाय', एवढेच दोन शब्द राहिले. आई आधीच गेलेली, भाऊ मुंबईला, म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. आम्ही प्रयत्न केले, पण शब्द सापडला नाही की ते रडायचे, मग आम्हीच विचारायचं सोडलं. लोक भेटायला यायचे ते एकतर बहिऱ्याशी बोलल्यासारखे ओरडायचे, नाहीतर त्यांच्यादेखत मला विचारायचे, "काय म्हणतात आबा?"

त्याच वर्षीच्या आषाढात मी लिनक्स घेतलं. आणि श्रावण लागताना मुंबईहून जाखडीच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, आबांची सगळी गाणी पाठव. आमाला धृपदं पाठ हायत, बाकी काय नाय. औंदा त्यांचीच घेऊ, त्यांना बरं वाटंल." मी फाईल उघडली, तर गणाच्या जागी डॉलर, कंस आणि स्वल्पविराम. दुसरी उघडली, तेच. सगळ्या तशाच.

आमचा जुना मराठी प्रोग्राम होता तसा. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची नुसती इंग्रजी चिन्हं. त्या प्रोग्रामचा फॉन्ट असला तरच त्या चिन्हांचं मराठी व्हायचं. लिनक्स टाकण्याआधी काकांनी मला विचारलं होतं, काय काय ठेवायचं? मी म्हटलं, माझ्या फाईली. त्यांनी माझ्याच हातून एकूण एक फाईल काढून घेतली, दोनदा तपासून घेतली, आणि मग डिस्क पुसायला लावली. फॉन्ट पुसले गेले. काकांनी कॉम्प्युटरवर जन्मात मराठी लिहिलं नव्हतं, आणि मला फॉन्ट वेगळे कुठं राहतात हे ठाऊक नव्हतं. मराठी मला येत होतं, मशीन त्यांना, आणि मधल्या फटीत आबांची गाणी पडली. प्रोग्रामच्या सीडीवर चरे पडलेले. कंपनी बंद झालेली, फोन लागेना. महाडच्या डीटीपीवाल्यांकडे वेगळेच फॉन्ट, इंटरनेटवरचं काही लागू पडेना.

मी काकांना नाही नाही ते बोलले. तुमच्या बदकापायी माझ्या बापाची वाचा दुसऱ्यांदा गेली, असंसुद्धा म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. उघडण्याआधी रीडिंग घ्यायचं असतं. मी पुरतं घेतलं नाही." आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शंभर पानी वही घेऊन शटरपाशी उभे होते.

वहीत एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला अक्षर. मी त्याच प्रोग्रामवर छापलेल्या लग्नपत्रिका नमुन्यादाखल ठेवल्या होत्या. काका छापील पत्रिका आणि तिची फाईल शेजारी शेजारी धरायचे आणि एकेक चिन्ह ओळखायचे. डॉलर म्हणजे अमुक, कंस म्हणजे तमुक. आठवडाभरात निम्मी वही भरली. पण लग्नपत्रिकेत सगळा आनंदीआनंद असतो. तिथं धुकं नसतं, दऱ्याखोऱ्या नसतात, कोणी रुसत नाही, कोणाचा नवरा मुंबईला अडकत नाही. गाण्यांतली कितीतरी अक्षरं पत्रिकांत आलीच नव्हती. मी म्हटलं, काका, अंदाजानं भरू या, कळतंय की साधारण. "साधारण म्हणजे? लिहिलंय शाहिरांनी. आपण कोण भरणार?" आणि मग म्हणाले, "त्यांना घेऊन ये."

"आबांना बोलता येत नाही काका."

"ऐकता येतं ना?"

मी आबांना रिक्षातून आणून दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. काकांनी आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "शाहीर, माझ्या हातून तुमच्या गाण्यांचं नुकसान झालंय. दुरुस्तीला तुम्ही लागणार." आबा म्हणाले, "हां." मग काका वाचायला लागले, कारखान्यात मीटरवरचे आकडे वाचत असतील तसे. "घाटामंदी. फुली. फुली. दाटलं. वाट दिसंना गो." न ओळखलेल्या अक्षराला ते फुली म्हणत. आबांच्या कपाळावर आठी आली. काकांनी पुन्हा वाचलं, तसंच. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आबांचा डावा हात टेबलावर ठेका धरायला लागला, आणि आबा गायले.

घाटामंदी धुकं दाटलं, वाट दिसंना गो,
मुंबैच्या गाडीमंदी सखा बसंना गो.

आवाज चिरका होता, पण शब्द अख्खे. एकही शब्द अडकला नाही. पुढं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, बोलणं जातं पण गाणं राहतं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी हातात कोणाचा तरी शिष्यवृत्तीचा फॉर्म धरून उभी. काकांनी मान वर केली नाही. दोन फुल्या खोडल्या, तिथं अक्षरं लिहिली. "धु. कं. हं, पुढं."

तेव्हापासून रोज दुपारी बैठक. काका फुल्या वाचायचे, आबा वैतागून गायचे, वही भरत जायची. कधी आबांना ओळ सुचत नसे, तेव्हा काका घाई करत नसत. फॉर्म भरायला आलेली माणसं बाकड्यावर बसून गाणी ऐकायची आणि नंबर आला तरी उठायची नाहीत. वहीवरून मी चिन्हांच्या जागी अक्षरं भरत गेले, आणि श्रावण संपायच्या आत सगळ्या फाईली नव्या फॉन्टमध्ये स्वच्छ मराठीत उघडल्या. मी त्या मंडळाला पाठवल्या, आणि काकांच्या हुकमावरून आणखी तीन ठिकाणी ठेवल्या. भावाला फोन करून मी बराच वेळ नुसतीच रडले.

पण त्या दिवशी आबा उठायला लागले तर काका म्हणाले, "दोन अक्षरं राहिलीत शाहीर, उद्या यावं लागेल." दुसऱ्या दिवशीही दोन राहिली होती. तिसऱ्या दिवशीही. न बघता एक आकडा लिहायचा नाही असा हा माणूस, आणि धडधडीत खोटं बोलत होता. मी आबा ऐकणार नाहीत अशा बेतानं म्हटलं, काका, माझ्या सगळ्या फाईली उघडल्या की.

"तुझ्या उघडल्या," ते म्हणाले, आणि वही उघडून बसले.

पुढं पुढं वाचायला फुल्याच उरल्या नाहीत. मग काका छापील कागद हातात घेऊन सबंध गाणं म्हणायला लागले, आबांनी मध्ये उचलावं म्हणून. काकांचा आवाज म्हणजे काय सांगू, माझ्या त्या पंख्याला बरा म्हणावा. गणपती चारपाच दिवसांवर आलेले, दुकानात मखराच्या सामानाची यादी छापायला आलेल्या दोन बायका बसलेल्या. काका गवळण म्हणत होते. चाल कुठं, ताल कुठं. आबांनी ठेका धरून पाहिला, सोडून दिला, पुन्हा धरला. आणि मग डावा हात वर करून काकांना थांबवलं. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही वाट बघत राहिलो. काकासुद्धा.

"तुमाला," आबा म्हणाले. थांबले. "तुमाला... गाता... नाय येत."

दोन बायकांतली एक हसली आणि लगेच गप्प झाली. शिमग्यापासून आबांच्या तोंडून आलेलं ते पहिलं त्यांचं स्वतःचं वाक्य होतं. कुठल्या गाण्यातलं नव्हतं, कोणी वदवून घेतलेलं नव्हतं. मला रडू आवरेना, मी कीबोर्डवरच डोकं टेकलं. पडद्यावर एकच अक्षर ओळीनं उमटत गेलं.

त्यांनी कागद खाली ठेवला. "नाही येत," ते म्हणाले. "आमच्या घरात कोणालाच येत नाही. तुम्ही शिकवाल का?"

आबांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, हे जमण्यासारखं आहे का याचा अंदाज घेत असावेत.

"उद्या या," आबा म्हणाले.